भयकथा, पत्रपान आणि चौकशी समिती : ईसी कॉमिक्समधील वाचक-सर्जक संवाद

प्रस्तावना

एखाद्या साहित्यप्रकाराचा इतिहास लिहिताना लेखक, प्रकाशक, समीक्षक आणि प्रसंगी न्यायालये यांची साक्ष काढली जाते. वाचकाची साक्ष मात्र सहसा खपाच्या आकड्यापुरती उरते. त्यातही वाचक बारा-चौदा वर्षांचा असेल आणि त्याच्या हातातील पुस्तक थडग्यातून उठणाऱ्या प्रेतांविषयीचे असेल, तर त्याचे मत विचारण्याची गरज कोणालाच भासत नाही. १९५० ते १९५५ या काळात अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या ईसी प्रकाशनाच्या भयकथा-कॉमिक्सचे उदाहरण या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट', 'द व्हॉल्ट ऑफ हॉरर' आणि 'द हॉन्ट ऑफ फिअर' ही ती तीन द्वैमासिके. भुते, चेटकिणी, रक्तपिपासू पिशाच्चे आणि सूड घेण्यासाठी परतणारी प्रेते हा त्यांचा विषय. या द्वैमासिकांच्या इतिहासाविषयी इंग्रजीत विपुल लेखन झाले आहे. परंतु त्यातील बहुतेक लेखन १९५४ च्या सिनेट चौकशीभोवती फिरते. त्या चौकशीपूर्वी सुमारे चार वर्षे या द्वैमासिकांचे वाचक आणि कर्ते एकमेकांशी काय बोलत होते, कसे बोलत होते आणि ऐन कसोटीच्या वेळी त्या बोलण्याची किंमत काय ठरली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

ईसीची जडणघडण

ईसी या आद्याक्षरांचा मूळ अर्थ 'एज्युकेशनल कॉमिक्स' असा होता. मॅक्स गेन्स यांनी बायबलमधील कथा चित्ररूपाने मुलांपर्यंत नेण्याच्या हेतूने हे प्रकाशन चालविले होते. १९४७ मध्ये लेक प्लॅसिड येथे नौका-अपघातात त्यांचा मृत्यू झाला आणि रसायनशास्त्राचा शिक्षक होण्याची तयारी करीत असलेला त्यांचा पुत्र विल्यम गेन्स याच्यावर हा व्यवसाय येऊन पडला. त्याने आद्याक्षरे तीच ठेवली, पण 'एज्युकेशनल'च्या जागी 'एंटरटेनिंग' हा शब्द आणला. १९४८ मध्ये अल फेल्डस्टाइन हा तरुण चित्रकार-लेखक त्याला येऊन मिळाला. दोघांनाही बालपणी रेडिओवर ऐकलेल्या भयनाट्यांचे वेड होते. अशा नाट्यांत कथा सुरू होण्यापूर्वी एखादी म्हातारी चेटकीण किंवा कुत्सित हसणारा निवेदक श्रोत्यांचे स्वागत करी. हीच युक्ती या दोघांनी १९४९ च्या अखेरीस आपल्या गुन्हेकथांच्या अंकांत वापरून पाहिली. ती वाचकांना रुचली, आणि १९५० च्या वसंतात तीन स्वतंत्र भयकथा-द्वैमासिके बाजारात आली.

प्रत्येकाला आपापला निवेदक होता : क्रिप्ट-कीपर, व्हॉल्ट-कीपर आणि ओल्ड विच. क्रिप्ट म्हणजे चर्चखालील प्रेते ठेवण्याचे तळघर. क्रिप्ट-कीपर हा त्याचा राखणदार. संस्कृत नाटकातील सूत्रधार नांदीनंतर येऊन प्रेक्षकांशी सलगी साधतो, तसे हे तिघे कथेच्या आरंभी आणि शेवटी येत, वाचकाला चिडवत, शब्दांवर कोट्या करीत आणि एकमेकांची निंदाही करीत. कथा भीषण असे, परंतु तिची चौकट विनोदी असे. या द्वैमासिकांच्या विरोधकांनी ही चौकट जवळजवळ कधीच विचारात घेतली नाही. सुटी केलेली चित्रे पाहणाऱ्याला केवळ कुऱ्हाड दिसते. अंक वाचणाऱ्याला कुऱ्हाडीशेजारी उभा राहून हसणारा म्हातारा आधी दिसतो.

कथानिर्मितीची पद्धतही वैशिष्ट्यपूर्ण होती. गेन्स रात्र रात्र जागून जुन्या कथा वाचत असे आणि सकाळी कथाबीजांची टिपणे घेऊन कार्यालयात येई. दोघांच्या चर्चेतून एक बीज पक्के होई आणि फेल्डस्टाइन त्याच दिवशी ती कथा थेट चित्रफलकावर लिहून काढी. मजकुराची अक्षरे यांत्रिक साच्याने आधी उमटवली जात. चित्रकाराच्या हाती फलक येई तेव्हा त्यावर शब्दांची जागा ठरून गेलेली असे. त्यामुळे चौकटी मजकुराने भरून जातात, हा आक्षेप नंतरच्या समीक्षकांनी घेतला आहे आणि तो रास्त आहे. जॉनी क्रेगसारखा स्वतःच लिहिणारा आणि स्वतःच रेखाटणारा कलावंत याला अपवाद होता. त्याच्या कथांत चित्राला श्वास घ्यायला जागा मिळते.

टपालखात्याचा नियम आणि पत्रपान

वाचकांच्या पत्रांना या कॉमिक्समध्ये जागा का मिळाली, याचे उत्तर साहित्यशास्त्रात नसून टपालखात्याच्या नियमावलीत आहे. अमेरिकेत नियतकालिकांना टपालाचा सवलतीचा 'द्वितीय श्रेणी' दर मिळत असे. मात्र केवळ चित्रे असलेला अंक त्या सवलतीस पात्र ठरत नसे. अंकात काही पाने निव्वळ मजकुराची असणे आवश्यक होते. म्हणून त्या काळच्या कॉमिक्समध्ये एक-दोन पानांची एखादी सुमार गद्यकथा घातली जाई. ती कोणी वाचत नसे आणि लिहिणाऱ्यालाही तिचे काही वाटत नसे. ईसीने हळूहळू या जागेचा उपयोग वाचकांच्या पत्रांसाठी केला. पत्रांना मानधन द्यावे लागत नव्हते, हेही एक कारण असावे.

टपालखर्च वाचविण्याचा हा एकच प्रकार नव्हता. नव्या नियतकालिकासाठी नवा परवाना घ्यावा लागू नये म्हणून ईसीने आपली भयकथा-द्वैमासिके जुन्या अंकांचे क्रमांक पुढे चालवूनच सुरू केली. 'द हॉन्ट ऑफ फिअर'चा पहिला अंक त्यामुळे पंधरावा ठरला. सतराव्या अंकानंतर मात्र क्रमांक एकदम चारवर आला. आजही या अंकांचा संग्रह करणाऱ्या नवख्या माणसाची तेथे फसगत होते.

पत्रपानांना त्या त्या निवेदकाचे नाव होते. क्रिप्ट-कीपरचा एक कोपरा, व्हॉल्ट-कीपरचा दुसरा कोपरा, आणि ओल्ड विचसाठी कोनाडा. पत्रांना उत्तरे संपादकाच्या नव्हे, तर या पात्रांच्या आवाजात दिली जात. वाचकाने कथेची स्तुती केली तर त्याला टोमणा मिळे. निंदा केली तर त्याहून मोठा टोमणा मिळे. आपल्या पत्राचा असा पाणउतारा व्हावा म्हणूनच मुले पत्रे लिहीत, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती होणार नाही. या खेळकर उर्मटपणाने एक महत्त्वाची गोष्ट साधली. प्रौढ संपादक मुलांना उपदेश करीत आहे, हा बालवाङ्मयाचा रूढ संबंध येथे मोडला गेला. पत्र लिहिणारा आणि उत्तर देणारा एकाच खेळातील भिडू ठरले.

या खेळाच्या आडून गंभीर चर्चाही होत असे. तिचे सर्वांत ठळक अंग म्हणजे चित्रकारांची ओळख. त्या काळी बहुतेक कॉमिक्समध्ये चित्रकाराचे नाव छापण्याची पद्धत नव्हती. अमुक पात्र कोण रेखाटतो, हे वाचकाला कळू नये अशीच व्यवस्था असे. ईसीने चित्रकारांना सही करू दिली, त्यांची छायाचित्रे आणि परिचय अंकांत छापले. परिणाम असा झाला की वाचक चित्रकार ओळखून पत्रे लिहू लागले. ग्रॅहम इंगल्स 'घास्टली' म्हणजे 'भेसूर' अशी सही करीत असे आणि त्याची लोंबती कातडी, ओली दलदल व विस्कटलेले केस ही त्याची स्वाक्षरीच झाली होती. जॅक डेव्हिसची भराभर ओढलेली खरबरीत रेषा, जॅक कामेनच्या नीटनेटक्या, गुळगुळीत चेहऱ्यांची प्रेमप्रकरणे, जॉनी क्रेगचा संयम, ही शैलीची जाण शाळकरी वाचकांनी कोणत्याही कलाविद्यालयात न जाता मिळविली. शैली म्हणजे काय हे पदव्युत्तर वर्गात शिकवताना जी अडचण येते, ती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या गोष्टीचे मोल वेगळे सांगावे लागणार नाही.

सर्जकही वाचकांच्या या कुतूहलाला कथांतून प्रतिसाद देऊ लागले. १९५० च्या एका कथेत गेन्स आणि फेल्डस्टाइन स्वतःच पात्रे म्हणून येतात. शहराच्या गटारांखाली त्यांना क्रिप्ट-कीपर आणि व्हॉल्ट-कीपर गाठतात आणि आपल्या कथा प्रसिद्ध करण्यास भाग पाडतात. १९५२ मधील 'कामेन्स कॅलॅमिटी' या कथेत तर चित्रकार कामेनची फजिती हाच विषय आहे आणि ईसीचे कार्यालय व तेथील सहकारी त्यात दिसतात. त्याच वर्षी क्रिप्ट-कीपर आणि ओल्ड विच यांच्या जन्मकथाही प्रसिद्ध झाल्या. निवेदकच ज्यांचे लाडके झाले आहेत अशा वाचकांपुढे निवेदकांचा पूर्वेतिहास ठेवणे, हा संवादाचाच एक प्रकार होय.

एक पत्र आणि पन्नास डॉलर

या पत्रव्यवहारातील सर्वांत प्रसिद्ध पत्र एका लेखकाचे आहे. रे ब्रॅडबरी हे तेव्हा विज्ञानकथा आणि अद्भुतकथा यांचे नावाजलेले लेखक होते. १९५२ मध्ये ईसीच्या 'विअर्ड फँटसी'मध्ये एक कथा प्रसिद्ध झाली. तिच्यात ब्रॅडबरी यांच्या दोन कथा, 'द रॉकेट मॅन' आणि 'कॅलिडोस्कोप', एकत्र गुंफलेल्या होत्या, आणि अर्थातच परवानगी घेतलेली नव्हती. कथाबीजांसाठी रात्र रात्र जागण्याच्या पद्धतीत हा धोका अंगभूत होता. ब्रॅडबरी यांनी वकिलाची नोटीस धाडली नाही. त्यांनी स्नेहपूर्ण पत्र लिहिले : रूपांतर चांगले झाले आहे, मात्र त्यापोटी देय असलेले पन्नास डॉलर पाठविण्याचे तुमच्याकडून अनवधानाने राहून गेलेले दिसते. गेन्सने पैसे पाठविले. त्यानंतर रीतसर परवानगीने ब्रॅडबरी यांच्या वीसहून अधिक कथा ईसीच्या विविध अंकांत आल्या आणि मुखपृष्ठावर त्यांचे नाव झळकू लागले. 'द लेक', 'द ब्लॅक फेरिस', 'द हँडलर' या अद्भुतकथा त्यांत आहेत.

चोरीचा उगम असलेला हा करार वाङ्मयचौर्याच्या चर्चेत अनेकदा विनोदी किस्सा म्हणून सांगितला जातो. त्यातील दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. प्रतिष्ठित लेखकाने या कॉमिक्सना पत्र लिहिण्याजोगे, म्हणजे संवादयोग्य मानले. दोन वर्षांनंतर सार्वजनिक व्यासपीठावर नेमका हाच मान त्यांना नाकारला गेला.

चाहत्यांची मंडळे

१९५३ मध्ये ईसीने 'फॅन-अ‍ॅडिक्ट क्लब' नावाचे चाहता मंडळ स्थापन केले. वर्गणी पंचवीस सेंट. त्या मोबदल्यात सभासदाला प्रमाणपत्र, खिशात ठेवण्याचे ओळखपत्र, बाहीवर शिवण्याचे कापडी चिन्ह आणि कोटावर लावण्याची धातूची पिन मिळे. मंडळाचे वार्तापत्र निघे; एका गावातील सभासदांना शाखा स्थापता येई. यामागे व्यापारी हेतू होता, यात संशय नाही. परंतु चाहत्यांनी त्याआधीच आपल्या बाजूने पावले टाकली होती. टेक्सासमधील बॉब स्ट्युअर्ट या किशोरवयीन वाचकाने १९५३ मध्येच 'द ईसी फॅन बुलेटिन' हे स्वतःचे पत्रक काढले होते. अशा हौशी नियतकालिकांना अमेरिकेत 'फॅनझिन' म्हणतात. घरच्या टंकलेखन यंत्रावर टंकलेले, सायक्लोस्टाइल किंवा तत्सम साध्या यंत्रावर काढलेले, टपालाने पाठविलेले हे अंक. विज्ञानकथांच्या चाहत्यांत ही परंपरा १९३० च्या दशकापासून होती. ईसीच्या वाचकांनी ती कॉमिक्समध्ये आणली. 'पोत्रझेबी', 'हू-हा!' अशी त्यांची नावेही ईसीच्याच 'मॅड' या विनोदी कॉमिक्समधील निरर्थक शब्दांवरून घेतलेली होती.

लॅरी स्टार्क या तरुणाची लांबलचक पत्रे ईसीच्या कार्यालयात विशेष आस्थेने वाचली जात. तो प्रत्येक अंकातील कथा तपासून त्यांतील रचना, कलाटणी आणि पुनरावृत्ती यांवर लिहीत असे. गेन्स त्याला आपला क्रमांक एकचा चाहता मानत असे. पुढे ही द्वैमासिके बंद पडल्यावर स्टार्कने 'हू-हा!'मध्ये त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला. अमेरिकन कॉमिक्सविषयीच्या गंभीर समीक्षेचा आरंभ विद्यापीठांत शोधणाऱ्यांनी हा लेख आवर्जून ध्यानात घ्यावा.

येथे एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. छापलेली पत्रे ही संपादकाने निवडलेली पत्रे असतात. नावडलेल्या अंकाबद्दल मुकाट्याने दहा सेंट वाचविणारा वाचक पत्रपानावर दिसत नाही. त्यामुळे पत्रपान हा सर्व वाचकांचा आरसा नव्हे. तथापि एवढी सावधगिरी बाळगूनही, हे वाचक कथेला आणि वास्तवाला एक समजत नव्हते, हे त्यांच्या पत्रांच्या निव्वळ सुरावरून स्पष्ट होते. भुताच्या नावाने आलेल्या उत्तराला जो भुताच्याच भाषेत प्रत्युत्तर देतो, त्याला कल्पित म्हणजे काय ते ठाऊक असते.

१९५४ : कोणाचे बोलणे पुरावा ठरते?

कॉमिक्सविरुद्धची चळवळ ईसीच्या भयकथांपूर्वीच सुरू झाली होती. १९४८ च्या डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यातील बिंगहॅम्टन येथे शाळेतील मुलांनी गोळा केलेल्या कॉमिक्सची जाहीर होळी करण्यात आली होती. चळवळीला बौद्धिक अधिष्ठान मिळाले ते मनोविकारतज्ज्ञ डॉ. फ्रेड्रिक वर्थॅम यांच्यामुळे. त्यांना केवळ कर्मठ म्हणून बाजूला सारणे अन्यायाचे होईल. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात कृष्णवर्णीय रुग्णांसाठी त्यांनी १९४६ मध्ये लाफार्ग चिकित्सालय सुरू केले. तेथे परवडेल त्याच्याकडून पंचवीस सेंट घेतले जात. चाहता मंडळाची वर्गणीही नेमकी तेवढीच असावी, हा योगायोग. वंशभेदाने विभागलेल्या शाळांचा मुलांच्या मनावर होणारा परिणाम यासंबंधी त्यांनी दिलेली साक्ष शालेय विभाजनाविरुद्धच्या न्यायालयीन लढ्यात उपयोगी पडली. त्याच वर्थॅम यांचे 'सिडक्शन ऑफ द इनोसंट' हे पुस्तक १९५४ मध्ये प्रसिद्ध झाले. कॉमिक्समुळे मुले गुन्हेगारीकडे वळतात, हे त्याचे प्रतिपादन होते आणि त्याचा आधार होता मुलांनी चिकित्सालयात सांगितलेल्या हकिकती. 'द हॉन्ट ऑफ फिअर'मधील मृतदेहाच्या अवयवांनी बेसबॉल खेळण्याची कुप्रसिद्ध कथाही त्यांनी पुराव्यादाखल दिली होती.

२१ एप्रिल १९५४ रोजी बालगुन्हेगारीची चौकशी करणाऱ्या सिनेट उपसमितीने न्यूयॉर्क येथे सुनावणी सुरू केली. वर्थॅम आणि गेन्स यांची साक्ष एकाच दिवशी झाली. गेन्स स्वतःहून साक्षीला आला होता. सिनेटर केफॉव्हर यांनी त्याच्यापुढे एका हातात कुऱ्हाड व दुसऱ्या हातात स्त्रीचे छिन्न मस्तक धरलेल्या पुरुषाचे मुखपृष्ठ धरले आणि हे सुरुचीला धरून आहे काय, असे विचारले. भयकथेचे मुखपृष्ठ म्हणून ते सुरुचीला धरून आहे, असे गेन्सने उत्तर दिले. मस्तक आणखी वर धरून मानेतून रक्त ठिबकताना दाखविले असते तर ते अभिरुचीला सोडून झाले असते, अशी पुस्तीही जोडली. दुसऱ्या दिवशी ही प्रश्नोत्तरे 'न्यूयॉर्क टाइम्स'च्या पहिल्या पानावर होती. ते मुखपृष्ठ अद्भुतकथांच्या त्रयीतील नव्हते. ते ईसीच्या गुन्हेकथांच्या अंकाचे होते. पण तोवर हा भेद कोणाच्या लेखी उरला नव्हता.

गेन्सकडूनही गंभीर चुका झाल्या. कॉमिक्स नष्ट करू पाहणाऱ्यांत कम्युनिस्ट आघाडीवर आहेत, असे सुचविणारे उपरोधिक पान त्याने छापले. शीतयुद्धाच्या त्या वर्षांत असा विनोद समितीच्या पचनी पडण्याजोगा नव्हता. सुनावणीत त्याविषयी विचारणाही झाली. पत्रपानावर जो टोमणा आपुलकीचा ठरत असे, तोच सिनेटपुढे उद्धटपणा ठरला. ज्या भाषेने वाचक जवळ आले तीच भाषा सर्वत्र चालेल, असे गृहीत धरण्याची ही चूक होती.

त्यानंतर ईसीने आपल्या वाचकांना आवाहन केले : समितीला पत्रे लिहा, आईवडिलांनाही लिहायला सांगा, भाषा सभ्य ठेवा, आणि कॉमिक्स वाईट आहेत असे तुमचे मत असेल तर तेही कळवा. पत्रपानावर चार वर्षे लिहिण्याचा सराव झालेल्या मुलांनी वॉशिंग्टनला पत्रे लिहिली. ती तेथील राष्ट्रीय अभिलेखागारात जतन झाली आहेत. समितीपुढे साक्षीसाठी मात्र एकाही मुलाला पाचारण करण्यात आले नाही. डॉक्टर, प्रकाशक, वितरक, व्यंगचित्रकार, सरकारी अधिकारी सर्व बोलले. ज्यांच्या हितासाठी ही सुनावणी होती त्यांचे बोलणे वर्थॅम यांच्या पुस्तकातून, म्हणजे त्यांच्या लेखणीतून आले.

या गोष्टीचे खरे गांभीर्य उघड व्हायला अर्धशतकाहून अधिक काळ लागला. वर्थॅम यांची कागदपत्रे लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये २०१० मध्ये अभ्यासकांना खुली झाली. इलिनॉय विद्यापीठातील कॅरोल टिली यांनी मूळ टिपणे आणि छापील पुस्तक यांची तुलना केली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अनेकांचे बोलणे एकाच्या तोंडी घालणे, वये बदलणे, वाक्ये फिरविणे, मुलांच्या आयुष्यातील इतर दुःखद घटक गाळून दोष कॉमिक्सवर ढकलणे, असे फेरफार त्यांना आढळले. टिली यांनी पुढे मुलांनी सिनेटला लिहिलेल्या पत्रांचाही अभ्यास केला. थोडक्यात, १९५४ मध्ये मुलांच्या बोलण्याचे दोन संच उपलब्ध होते. एक त्यांनी स्वतः लिहून, सही करून पाठविलेला; दुसरा तज्ज्ञाने संपादित केलेला. दुसरा पुरावा ठरला आणि पहिला फायलीत गेला. मुलाखतींवर आधारलेले संशोधन करणाऱ्या वा करवून घेणाऱ्या प्रत्येकाने हे प्रकरण विद्यार्थ्यांसमोर ठेवावे, इतके ते बोलके आहे.

सप्टेंबर १९५४ मध्ये गेन्सने भयकथा व गुन्हेकथा बंद करीत असल्याचे जाहीर केले. ऑक्टोबरात प्रकाशकांच्या संघटनेने स्वतःहून आचारसंहिता स्वीकारली. तिने शीर्षकात 'हॉरर' आणि 'टेरर' हे शब्द वापरण्यास मनाई केली आणि पिशाच्चे, चालती प्रेते, नरभक्षक, मानवलांडगे यांना हद्दपार केले. कायदा झाला नाही. त्याची गरजही उरली नाही, कारण संहितेचा शिक्का नसलेले गठ्ठे विक्रेते न उघडताच परत पाठवू लागले. 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट'चा सेहेचाळिसावा अंक फेब्रुवारी-मार्च १९५५ चा. तो शेवटचा.

या वादाचे पडसाद अमेरिकेपुरते राहिले नाहीत. ब्रिटनमध्ये १९५५ मध्ये बालकांना अपायकारक प्रकाशनांविरुद्ध कायदा झाला आणि पुढच्याच वर्षी भारतीय संसदेनेही 'यंग पर्सन्स (हार्मफुल पब्लिकेशन्स) अ‍ॅक्ट, १९५६' संमत केला. चित्रांच्या साहाय्याने वा चित्रांवाचून सांगितलेल्या, गुन्हे, हिंसा, क्रौर्य किंवा किळसवाण्या व भीषण घटना रंगविणाऱ्या आणि तरुण मनाला बिघडविण्याचा संभव असलेल्या प्रकाशनांना त्याने प्रतिबंध केला. 'तरुण व्यक्ती'ची मर्यादा त्यात वीस वर्षांची होती. म्हणजे महाविद्यालयाच्या पहिल्या वर्गांतील विद्यार्थीही तिच्यात येत. त्यावेळी भारतीय भाषांत भयकथा-कॉमिक्स नावाचा धंदा जवळजवळ नव्हताच. भीती आधी पोहोचली.

पत्रपानातून चित्रफलकाकडे

संहितेच्या कक्षेत कॉमिक्स येत असत. मोठ्या आकाराची कृष्णधवल मासिके येत नसत. या फटीतून १९६४ मध्ये वॉरन प्रकाशनाचे 'क्रीपी' निघाले. त्यात ईसीचेच अनेक चित्रकार होते, आणि 'अंकल क्रीपी' नावाचा निवेदक वाचकांच्या पत्रांना जुन्याच थाटात उत्तरे देत असे. तेथे वाचकांच्या चित्रांनाही जागा होती. १९६६ मध्ये नवव्या अंकात बर्नी राइटसन या सतरा-अठरा वर्षांच्या वाचकाचे चित्र छापून आले. इंगल्सचे ऋण त्याने कधी लपविले नाही. पाच वर्षांनी, १९७१ मध्ये, त्याने आणि लेन वाइन याने डीसी प्रकाशनाच्या 'हाउस ऑफ सीक्रेट्स'मध्ये दलदलीतून उठणाऱ्या वनस्पतिदेही जीवाची कथा सादर केली. तीच पुढे 'स्वॅम्प थिंग' म्हणून ख्यात झाली. वाइनही चाहत्यांच्या हौशी नियतकालिकांतूनच पुढे आलेला होता. त्या अंकाचे संपादक जो ऑर्लँडो हे ईसीचे जुने चित्रकार. पूर्वीचा सर्जक संपादकाच्या खुर्चीत आणि पूर्वीचे वाचक चित्रफलकाशी, अशी ही बैठक होती. त्याच वर्षी संहिता सैल झाली आणि पिशाच्चांना परत येण्याची मुभा मिळाली. २०११ मध्ये उरलेल्या प्रकाशकांनीही शिक्का सोडला आणि संहिता संपली.

१९७२ मध्ये न्यूयॉर्क येथे ईसीच्या चाहत्यांचे संमेलन भरले. गेन्स, फेल्डस्टाइन आणि अन्य सहकारी श्रोत्यांपुढे बसले आणि पूर्वी निवेदकाच्या मुखवट्याआडून दिलेली उत्तरे आता समोरासमोर देण्यात आली. ज्यांना सर्वाधिक प्रश्न विचारले गेले असते ते इंगल्स मात्र फ्लॉरिडात चित्रकला शिकवीत होते; भयकथांतील आपल्या कामाविषयी बोलणे त्यांनी आयुष्याच्या अखेरच्या काही वर्षांपर्यंत टाळले. संवादात सहभागी न होण्याचा हक्क सर्जकालाही असतो, हे चाहत्यांच्या इतिहासात सहसा लिहिले जात नाही.

आणि वर्थॅम? वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, १९७३ मध्ये, त्यांनी आपले अखेरचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्याचा विषय होता 'फॅनझिन'. त्यासाठी त्यांनी देशभरच्या हौशी संपादकांशी पत्रव्यवहार केला, त्यांचे अंक मागवून वाचले आणि ही नियतकालिके म्हणजे संवादाचा एक निरोगी व विधायक प्रकार आहे, असा निर्वाळा दिला.